रझिया आपा आणि पारव्यांच्या घशातलं दुखणं

रझिया आपा,

तुमच्या भाचीचं पत्र परवा हैदराबादहून आलं. तिने लिहिलंय, शेवटचे आठ दिवस तुमच्या घशाखाली काही उतरत नव्हतं. नर्स चमच्याने पाणी पाजायला आली की तुम्ही आधी तिचं मनगट धरून बोटं बघत होता. बोलता येत नव्हतं, तरी एकदा खुणेनेच तिला साबणाकडे परत पाठवलंत. ते वाचून मला हसू आलं. मग पत्राची घडी करून ती बराच वेळ हातात धरून बसले.

माझी नातवंडं आता लांब आहेत. एक कॅनडात, दोघी ऑस्ट्रेलियात. फोनवर त्यांना सांगितलं की माझी मैत्रीण गेली, तर धाकटीने विचारलं, "आजी, त्या काय करायच्या?" मी म्हटलं, "शाळेत सायन्स शिकवायच्या." फोन ठेवला आणि मनाला लागून राहिलं, की तुमच्याबद्दल एवढंच सांगितलं. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला लिहिते आहे, पण याची एक प्रत मुलांना पाठवणार आहे. त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही मध्ये मध्ये सांगाव्या लागतील. एकदा सांगितलेलं पुन्हा ऐकायला तुम्हाला आवडत नसे, ते मला माहीत आहे. या वेळेस ऐकून घ्या.

तेव्हा बिदर हैदराबाद राज्यात होतं. पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली होती. मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते आणि तुम्ही विज्ञान. तुमचं सगळं शिक्षण हैदराबादला उर्दूतून झालेलं, आणि समोर मराठी-कानडी बोलणाऱ्या मुली. तुम्ही मायक्रोस्कोपला खुर्दबीन म्हणायच्या. पहिल्या आठवड्यात मुली हसल्या. महिन्याभरात त्याही खुर्दबीनच म्हणायला लागल्या. मी तुम्हाला आपा म्हणायची, तुम्ही मला अक्का. दोघींत मोठी कोण ते कधी विचारलंच नाही. एकमेकींना मोठेपण देऊन टाकलं होतं.

तुम्ही राहायच्या बिदरलगतच्या नौबादलाच, आमच्या घरापासून चार घरं सोडून, तुमच्या भावाबरोबर. हमीदभाईंची नोकरी ॲक्शननंतर गेली होती. ते फारसे घराबाहेर पडत नसत. माडीवर त्यांनी कबुतरं पाळली होती, आणि सकाळ-संध्याकाळ ती आकाशात सोडून ते बघत उभे राहत. गल्लीतल्या लोकांना तेवढेच ते दिसत, माडीच्या कठड्यावर, मान वर केलेले.

आमच्या घरी माझ्या सासूबाई होत्या. त्यांना सगळे अव्वा म्हणत. सकाळी हातावर लिंग घेऊन पूजा झाली की अव्वा अंगणात यायच्या आणि काळ्या दगडाच्या डोणीत पाणी ओतायच्या. शेजारी ज्वारीची मोठी रास टाकायच्या. जुन्या विहिरीतले पारवे यायचे, किल्ल्याच्या बाजूचे यायचे, बोरीच्या झुडपातले होले यायचे. त्यांनी चोच बुडवल्याशिवाय अव्वा स्वतः भाकरीचा तुकडा मोडत नसत. सासरे वारले तेव्हापासूनचा त्यांचा नेम होता हा. आमच्याकडे फिरत्या जंगमाला जेवू घालण्याची रीत आहे. अव्वा म्हणायच्या, पाखरू म्हणजे जंगमच, एका जागी राहत नाही. आणि जंगमाने तोंड लावलेलं म्हणजे प्रसाद. प्रसाद टाकून द्यायचा नाही. म्हणून डोणीतलं उरलेलं पाणी त्या कधीच सांडत नसत. कालच्या पाण्यावर आजचं पाणी, त्यावर उद्याचं.

त्या उन्हाळ्यात एक पारवा पिसं फुगवून डोणीच्या काठावर बसून राहिला. अव्वांनी मला हाक मारली. "ह्याला काय झालंय बघ गं. दाणा उचलायलंय आन् टाकायलंय." खरंच, तो दाणा चोचीत धरायचा, मान ताणायचा आणि दाणा ओल्या लाळेसकट पाण्यात पडायचा. दुसऱ्या दिवशी तो मेलेला सापडला. मग आणखी दोन. मग एक होला, डोणीतच मान टाकून. आठवड्यात अंगण झाडताना रोज एखादा सापडायला लागला.

गल्लीतल्या बायका येऊन बघून जात. त्यांचं एकच म्हणणं, कुणीतरी दाण्यात काही घातलंय. त्या दिवसांत "कुणीतरी" म्हणताना लोकांचे डोळे कुठल्या माडीकडे जातात, ते तुम्हाला सांगायला नको.

अव्वांनी जेवण सोडलं. पाखरांना माझं पाणी चालेना झालंय, म्हणाल्या, मग मला तरी अन्न कशाला? एक दिवस गेला, दुसरा गेला. नुसतं पाणी पीत होत्या. माझे यजमान समजावून थकले. तिसऱ्या दिवशी शाळेत मी तुम्हाला सांगितलं.

तुम्ही एकच विचारलं. "आजारी असलेला एखादा जिंदा आहे?"

शाळा सुटल्यावर तुम्ही थेट आमच्याकडे आलात. अव्वांच्या मांडीवर एक पारवा होता, पदरात गुंडाळलेला. तुम्ही हात धुतलेत, जमिनीवर बसलात आणि अंगठ्याने अन् एका बोटाने त्याची चोच उघडलीत. "अक्का, जरा उजेडात या." आत घशाशी पिवळट काहीतरी साचलं होतं, वाळलेल्या चक्क्यासारखं. अव्वा म्हणाल्या, "ते काय खाल्लंय त्येनं?" तुम्ही म्हणालात, "खाल्लं नाही अव्वा. त्याला ते खायला देत नाही."

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे आपण दोघी गेलो होतो, आठवतंय? ते म्हणाले, म्हैस आणा, बैल आणा, पारवा घेऊन काय येता. तुम्ही हलला नाहीत. शेवटी त्यांनी कपाटातून एक जुनं इंग्रजी पुस्तक काढून दिलं, कोंबड्या-कबुतरांच्या रोगांचं, आणि म्हणाले, घ्या, यात असेल तर बघा, पण पान फाडू नका.

ते पुस्तक आपण माझ्या ओसरीवर वाचलं. तुम्हाला इंग्रजी अडखळत यायचं आणि मला त्यातलं विज्ञान कळत नव्हतं. मी वाक्य वाचून मराठीत सांगायची, तुम्ही ते उर्दूत मनाशी बोलायच्या आणि मग मला समजावून सांगायच्या की मी काय वाचलं. असा एक जीव असतो, डोळ्याला न दिसणारा, पारव्याच्या घशात राहणारा. तुमच्याकडे त्याला शब्द होता, तुफैली. न बोलावता जेवायला येऊन बसणारा. तो लाळेतून पाण्यात उतरतो, ओल्या दाण्यावर राहतो, आणि पुढचं पाखरू तेच पाणी पितं. आई पिलाला भरवते तेव्हा त्याच्या घशात तो आईकडूनच जातो. वाळलं की मात्र मरतो.

पुढे एक वाक्य होतं. मोठी, निरोगी दिसणारी कबुतरं हा जीव घशात बाळगून असतात, त्यांना स्वतःला काही होत नाही, आणि पाळीव कबुतरांत हे फार आढळतं. मी ते वाचलं, आणि मराठीत सांगितलं, "मोठ्या पक्ष्यांनाही होतो."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "इंग्रजीत दोन ओळी, अन् मराठीत येवढुसं?"

मी म्हटलं, इंग्रजी तसंच असतं, पाल्हाळ लावतात. तुम्ही त्या पानावर खुणेची काडी ठेवलीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मोठ्या बाईंकडून लेखी परवानगी काढून शाळेची एकुलती एक खुर्दबीन लाकडी पेटीसकट टांग्यात घातलीत आणि मांडीवर धरून नौबादपर्यंत आणलीत. पाखराला शाळेत नेऊन चालणार नाही, म्हणालात, काचेवर घेतल्या घेतल्या बघायला हवं. ओसरीवर आरसा उन्हाकडे फिरवलात. कापसाच्या बोळ्याने पारव्याच्या घशातलं थोडं कोमट मिठाच्या पाण्यात घेतलंत. बराच वेळ डोळा लावून बसलात. मग सरकून मला जागा दिलीत. मी वाकून बघितलं तर आत हजारो थेंबुकले, चिंचोक्यासारखे, शेपट्या झाडत एकमेकांवर आदळत होते. माझ्या अंगावर काटा आला.

तुम्ही म्हणालात, "किती सुंदर आहेत ना?"

हे मुलांनी वाचावं अशी माझी फार इच्छा आहे. घरात सासूबाई उपाशी, अंगणात पारवे मरायलेत, गल्लीचा डोळा तुमच्या माडीवर, आणि तुम्ही त्या किड्यांना सुंदर म्हणालात. आणि ते होतेही. तुम्ही म्हणालात म्हणून मी पुन्हा बघितलं, आणि मला दिसलं.

मग तुम्ही उठून स्वतःच्या घरी गेलात. मला सांगितलंही नाहीत. अर्ध्या तासाने काच दोन बोटांत धरून धावत आलात. माडीवरच्या सगळ्यात धष्टपुष्ट कबुतराच्या घशातलं होतं ते. काच खुर्दबिनीखाली सरकवलीत, बघितलंत, आणि मला जागा दिलीत.

तेच होते. थोडे होते, पण तेच.

आपला वाद तिथे सुरू झाला. मी म्हटलं, "आपा, डोणीचं सांगा. कबुतरांचं नका सांगू."

"कामून?" तुम्ही आमच्याच भाषेत विचारलंत.

"तुम्हाला माहीत आहे कामून."

"मला माहीत आहे. हमीदला पण माहीत आहे. तो म्हणतो, मैं सारे कबुतरां उडा देतूं, तू चुप रह." तुम्ही पेटीचं झाकण पुसत होता. "कबुतर उडवलं तर परत येतं, अक्का. त्याला तेवढंच येतं."

"लोक काय म्हणतील ते तुम्हाला कळतंय ना?"

"हौ. अन् उद्या वर्गात मी मुलींना काय सांगू? जे दिसलं ते लिहा, फक्त भावाच्या घरचं दिसलं ते सोडून?"

मी रागावले. म्हटलं, ही शाळा नाही. तुम्ही म्हणालात, खुर्दबीन शाळेची आहे.

मग तुम्ही अव्वांसमोर जाऊन बसलात. त्या भिंतीला टेकून होत्या, डोळे मिटलेले. "अव्वा, दोन बाता सांगायच्यात. एक तुमच्या घरची, एक माझ्या घरची. कोणती आधी सांगू?"

अव्वांनी डोळे उघडले. "आदी तुझ्या घरची सांग. पाव्हण्याचं आदी ऐकावं."

तुम्ही सांगितलंत. आमच्या कबुतरांच्या घशात तेच दुखणं आहे. ती तुमच्या डोणीवर पाणी प्यायला येतात. रानातल्या पाखरांना कदाचित त्यांच्याकडून आलं असेल.

"तुझ्या भावाची मरायलीत का?"

"न्हाई अव्वा. त्यांना काहीच होत नाही. नुसतं घेऊन फिरतात."

"मंजी त्येस्नीबी ठावं न्हाई."

"नाही."

"बरं. आता माझ्या घरची सांग."

तुम्ही डोणीचं सांगितलंत. साठलेलं पाणी, ओला दाणा, एकाचं उष्टं दुसऱ्याच्या घशात. अव्वा ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मंजी मीच पाजलं."

मी तुमच्याकडे बघत होते. वाटत होतं, आता तुम्ही म्हणाल, नाही अव्वा, तसं नाही. कुणीही म्हटलं असतं.

तुम्ही म्हणालात, "हौ अव्वा. पाण्यासंगं तेही पाजलं. तुम्हाला माहीत नव्हतं."

त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला, आपा, की पुढे कित्येक वर्षं तो मधूनच उफाळून यायचा. चार दिवस उपाशी बाई, आणि तिला हे सांगायचं. तुम्हाला पत्रांतून मी हे दोनदा लिहिलं. तुम्ही दोन्ही वेळेस उत्तर टाळलंत आणि तिसऱ्याच गोष्टीवर पानभर लिहिलंत.

अव्वा म्हणाल्या, "मला दाव."

त्यांना धरून ओसरीवर आणलं. एक डोळा मिटून बघायचं त्यांना जमेना. दोन्ही मिटायचे नाहीतर दोन्ही उघडायचे. तेव्हा तुम्ही मागे गुडघ्यांवर बसलात आणि तुमचा तळहात त्यांच्या डाव्या डोळ्यावर ठेवलात. अव्वा सोवळ्याच्या फार होत्या. पण त्यांनी मान मागे घेतली नाही. रोज सकाळी तळहातावरच्या लिंगाकडे बघतात तशा स्थिर राहून बघत होत्या. तुमचा हात अवघडला असणार, पण तुम्ही तो काढला नाहीत.

"लई हायत," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, "तीबी तहानलेलीच दिसायलीत."

मग मान वर करून तुम्हाला विचारलं, "मग परसाद कुठं टाकू? परसाद सांडीत न्हाईत आमी."

"सांडू नका. झाडाला घाला. रोजचं पाणी लिंबाच्या बुडाशी, अन् डोणी घासून दुपारपर्यंत उन्हात पालथी. दाणे रास करून नको, अंगणभर पातळ पसरा."

"झाडाला घशाचं व्हायचं न्हाई?"

"झाडाला घसाच नाही, अव्वा."

अव्वांच्या तोंडावर थोडं हसू आलं. मग मला म्हणाल्या, "भाकर आण गं. डोणी घासायला जोर लागतो."

तुम्ही तिथेच उठलात. गल्लीतल्या बायकांना आताच बोलावते म्हणालात, आरसा उन्हाला आहे तोवर त्यांनाही दाखवते, दोन्ही गोष्टी सांगते. अव्वांनी तुमच्या ओढणीचं टोक धरलं. "तू घरला जा. गल्लीला मी सांगते. माझी डोणी हाय, माझी गल्ली हाय." तुम्ही त्यांचा मान राखलात. घरी गेलात आणि हमीदभाईंकडून माडीवरची सगळी मडकी घासून घेतलीत.

अजून काही पारवे मेले. मग मरायचे थांबले. अव्वांनी दुसरी डोणी घडवून घेतली, एक भरलेली, एक उन्हात वाळणारी. त्यांच्यानंतर मी तेच केलं. तुमच्या वर्गातल्या मुलींनी वहीत थेंबुकल्यांची चित्रं काढली, आणि एकीने तर अव्वांनाही काढलं, एका डोळ्यावर हात असलेल्या.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. तुम्ही हैदराबादला बदली मागून घेतलीत, आम्ही इथेच राहून म्हैसूरचे झालो. पत्रं राहिली. तुमच्या पत्रांत दर वर्षा-दोन वर्षांनी हे वाक्य असायचंच: देखो अक्का, तुम्ही किती घाबरल्या होत्या. गल्लीला सगळं सांगितलं, तर काय झालं? हमीदला कुणी एक शब्द बोललं नाही. लोकांना खरं सांगितलं की ते ऐकतात. याच भरवशावर तुम्ही पुढे कितीतरी ठिकाणी उभ्या राहिलात. शाळेत, दवाखान्यात, एकदा तर कचेरीत साहेबासमोर. मला प्रत्येक वेळी तुमचा अभिमान वाटला. आणि प्रत्येक वेळी मी उत्तरात लिहिलं, हो आपा, तुमचंच खरं.

आता सांगते. त्या दिवशी तुम्ही आमच्या ओसरीवरून घरी गेलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा अंगणात डोणी घासत होत्या. शेजारच्या तिघी-चौघी आल्या. "काय कळलं म्हणं, पाखरांचं?"

"माझ्याच डोणीनं मेली," अव्वा म्हणाल्या. हात थांबवला नाही. "शिळं पाणी पाजलं मी. मीच."

एकीने माडीकडे बघितलं. "आन् ती वरची कबुतरं? त्येंचं काय?"

"त्येंचं काय असणार? ठणठणीत हायती. बघ की."

त्यांनी मान वर करून बघितलं. कबुतरं खरोखरच ठणठणीत होती. बायका अव्वांची समजूत घालत, चुकचुकत घरी गेल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या गल्लीत पाखरं मारल्याचा दोष अव्वांच्या नावावर होता. एखादी सून भांडताना ते काढायचीही. अव्वा ऐकून घ्यायच्या.

त्या दिवशी बायका गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "ह्ये तिला सांगू नगंस. ती येईल आन् साऱ्या गल्लीला खुर्दबीन दावंल."

मी सांगितलं नाही. एवढी वर्षं, एवढी पत्रं. तुमच्या भरवशाखालचा दगड अव्वांनी ठेवला होता, आणि तो हलवायचं धाडस मला झालं नाही. आता तुम्हाला उठून नौबादला येता येणार नाही म्हणून लिहिते आहे.

रागावू नका. वाद जिंकायचा म्हणून हे सांगत नाही. मुलांना मी हेही सांगणार आहे, की पुस्तक वाचताना मी एक वाक्य गाळलं आणि त्याने कुणाचंच भलं झालं नाही. तुम्ही एकही गाळलं नाहीत. तुमच्या घरचं आणि त्यांच्या घरचं, दोन्ही तुम्ही अव्वांना पुरतं सांगितलंत. म्हणूनच काय झाकायचं, ते त्यांना कळलं.